रिकाम्या फलाटाचे फोटो

जुन्या रेल्वे स्टेशनांचे फोटो काढणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होत असेल, तर तो प्रवाशांचा. काळ्या दगडाची भिंत, उतरतं कौलारू छप्पर, दगडी कमान, तिच्यावर तिरपं ऊन असं सगळं जुळून येतं आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी हिरवी प्लास्टिकची बादली घेऊन नळावर येतो. आमचा नगरमधला हौशी मंडळींचा गट या बाबतीत फार कडक. गटात दोन डॉक्टर, एक निवृत्त बँक मॅनेजर आणि मी, निवृत्त प्राध्यापक. आम्ही पहाटेच मोटारीनं निघतो. स्टेशनला रेल्वेनं जावं असं आमच्यापैकी कुणाला आजवर सुचलेलं नाही, कारण पॅसेंजरचा काही भरवसा नसतो.

दौंडच्या बाजूचं एक छोटं स्टेशन माझं विशेष लाडकं. तिथं सकाळी नगरकडे जाणारी पॅसेंजर थांबते आणि संध्याकाळी तीच परत येते. सकाळच्या गाडीला एक मावशी असायच्याच. आपल्या रानातल्या मेथी-कोथिंबिरीच्या दोन पाट्या घेऊन नगरच्या बाजारात विकायला जायच्या. बसायच्या मात्र कमानीखाली, जिथं ऊन सुरेख पडतं तिथंच. "मावशी, जरा पलीकडे होता का? दोनच मिनिटं," असं मी म्हणायचो. त्या लगेच उठायच्या. "घ्या दादा, सावकास काढा," म्हणत पाट्या उचलायच्या आणि खाली सांडलेली पानंही वेचून घ्यायच्या. इतकी समज आमच्या डॉक्टरांनाही नाही. ते ऐन वेळी फोटोत शिरतात.

पुढे नगरात माझं प्रदर्शन भरलं. नाव दिलं होतं ‘निःशब्द फलाट’. सगळ्या फोटोंत मिळून एकही माणूस नाही, याचं फार कौतुक झालं. एक बाई तर डोळे पुसत होत्या. त्यांना धुळीची ॲलर्जी आहे, हे मला नंतर कळलं. उद्घाटनाला रेल्वेतले एक बडे साहेब आले होते. माझ्या लाडक्या स्टेशनाच्या फोटोपुढे ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "इथं नेहमीच इतकं रिकामं असतं?"

आता अशा प्रसंगी मेथीच्या पाट्यांचा विषय कोण काढील? मी चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणालो, "तिथं कुणीच येत नाही, साहेब. फक्त काळ येतो." वाक्य माझं मलाच इतकं आवडलं की चहाच्या वेळी मी ते आणखी दोघा-तिघांना ऐकवलं. साहेबांनी मोबाईलवर त्या फोटोचा फोटो काढून घेतला. मला वाटलं, दिवाणखान्यात लावणार.

पावसाळा सरल्यावर पुन्हा गेलो, तर तिकीट खिडकीशेजारी कागद डकवलेला. प्रवासी नसल्यामुळे पॅसेंजरचा थांबा बंद करण्याचा विचार आहे, हरकती असल्यास कळवाव्यात. मी तो कागद दोनदा वाचला. माझ्या वाक्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही, असं मनाला बजावलं, पण मन काही ऐकेना.

मावशींना माझ्या त्या वाक्याचं काहीच ठाऊक नव्हतं. उलट मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं आला दादा. टेम्पोवाला दोन पाट्यांसाठी थांबत न्हाई, यष्टीत कंडक्टर घेऊ देत न्हाई. गाडी बंद झाली तर माझा धंदाच बसला. तुमची सायबाशी वळख हाय म्हनं. आमचा समद्यांचा एक फोटू काढा अन् दावा त्यास्नी, की हितं मानसं हायेत."

मी माणसांचे फोटो काढत नाही, असं म्हणायची सोय नव्हती. येत्या रविवारी गाडीच्या वेळेला यायचं ठरलं, म्हणजे फोटोत गाडीही येईल.

रविवारी बघतो तर अख्खं गाव फलाटावर. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, ठेवणीतल्या साड्या, सरपंचांचा फेटा आणि एक आजोबा चक्क खुर्चीसकट. मधोमध मावशी, समोर पाट्या, कोथिंबिरीवर ताजं पाणी मारलेलं. इतकी माणसं एकदम हाती लागल्यावर माझ्यातला कलावंत जागा झाला. उंच मागे, बुटके पुढे, फेटा जरा उजवीकडे. तेवढ्यात लांबून शिट्टी ऐकू आली.

"आता कुणी हलायचं नाही," मी बजावलं. "सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघा."

गाडी आली आणि त्यांच्या पाठीमागे थांबली. दृश्य खरोखरच देखणं होतं. मी धडाधड फोटो घेत सुटलो. गार्डानं शिट्टी वाजवली, झेंडा दाखवला, वर थोडी वाटही पाहिली. गावानं शिस्त मोडली नाही. गाडी निघून गेली.

मग मावशी हळूच म्हणाल्या, "दादा, मला जायाचं हुतं की त्या गाडीनं."

मी कॅमेऱ्यात फोटो बघितले. डब्यांची दारं उघडी, फलाटावर ही गर्दी आणि एकही माणूस गाडीकडे वळलेला नाही. थांबा बंद करायला साहेबांना याहून सोयीचा पुरावा मिळाला नसता. स्वतःच्या चांगल्या फोटोची मला पहिल्यांदाच मनापासून लाज वाटली.

पाट्या डिकीत घातल्या आणि मावशींना शेजारी बसवून नगरकडे निघालो. पट्टा लावून त्या ताठ बसल्या होत्या. मोटारभर कोथिंबिरीचा वास सुटला होता. वाटेत त्या म्हणाल्या, "गाडी लई झ्याक हाय तुमची. रेल्वेच्या आदीच पोचतो का काय आपन."

"हो ना," मी म्हणालो.

"मंग थांबा बंद झाल्यावर रोज येनार का तुमी?"

यात टोमणा नव्हता. पुढची मेथी पेरायची की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. मी रस्त्यावरची नजर न काढता म्हणालो, "बघू."