बदलीबाई आणि मनोऱ्याची मालकीण

त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्या शाळेसाठी त्या बदलीबाई. सकाळी पावणेसातला कार्यालयात यायचं, कोणकोणते शिक्षक आज उगवलेले नाहीत ते पाहायचं आणि त्यांच्या रिकाम्या तासांवर कुणाला धाडायचं याची यादी करायची, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं. यादी भिंतीवर लागली की शिक्षकांच्या खोलीत तोंडं वाकडी व्हायची, पण भांडायची कुणाची छाती नव्हती. कारण बाईंचा नियम सगळ्यांना सारखा होता: कुणालाही लागोपाठ दोन बदली तास नाहीत. मग तो मुख्याध्यापिकांचा सख्खा भाऊ का असेना.

पायाला भिंगरी लावल्यासारख्या फिरणाऱ्या अशा बाईला डॉक्टरांनी तीन आठवडे पलंगावर आडवं टाकलं होतं. पाठीतली चकती सरकली होती. उठायचं ते न्हाणीघरापुरतं, आणि तेसुद्धा भिंत धरून. पहिल्या चार दिवसांत त्यांनी छताला पडलेल्या भेगा मोजून संपवल्या. पाचव्या दिवशी त्यांची भाची येऊन गेली आणि जाताना हातात मावेल एवढं एक खेळाचं यंत्र उशाशी ठेवून गेली. "मावशी, हे खेळ, नाहीतर तू काकांचं डोकं खाशील," ती म्हणाली. भाची स्वतः इमारतींचे नकाशे काढते, दोन मुलांची आई आहे, आणि अजून हा खेळ खेळते, याचं बाईंना आधी हसू आलं. मग आठवडाभर त्या त्यातून बाहेर आल्या नाहीत.

खेळ असा: रानावनात हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडून झोळीत घालायचे, त्यांना लहानाचं मोठं करायचं आणि त्यातले सहा घेऊन शेवटी एका मनोऱ्यावर चढायचं. मनोऱ्यात चार मजल्यांवर चार पहारेकरी आणि सगळ्यात वर मालकीण. पाच लढाया लागोपाठ. एक हरलात की परत तळमजल्यावर. बाईंनी आपल्या सहाजणांची नावंही ठेवली होती. सगळ्यात पहिली मिळालेली दगडी पाठीची कासवीण ती थोरली. अंगातून विजेचे झटके देणारी वीतभर खार ती वीजबाई. बाकीचे ठिणग्या, चिखल्या, उडाणटप्पू आणि एक नुसताच बेडूक.

चार पहारेकरी बाईंनी चार दिवसांत लोळवले. मालकिणीपुढे मात्र सात वेळा गेल्या आणि सातही वेळा तोंडघशी पडल्या.

आता यात एवढं जिवाला लावून घेण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. तर कारण होतं. सोमवारी मुख्याध्यापिकांचा फोन आला होता. दोन आठवडे यादी शाळेचे ग्रंथपाल करत होते, आणि बरी करत होते. "तुमच्या पाठीला आता ती धावपळ नको," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "यादी ग्रंथपालांकडेच राहू दे. तुम्ही दाखल्यांचं टेबल घ्या. बसून काम. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत काय ते कळवा, म्हणजे मला पुढचं ठरवता येईल."

दाखल्यांचं टेबल! जिथे दिवसाला चार माणसं येतात आणि शिक्का मारून घेऊन जातात. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "बघते." खरं सांगायचं तर राग कमी होता आणि भीती जास्त. पाठ खरंच दुखत होती. जिना चढताना गेले वर्षभर त्या मधल्या पायरीवर थांबत होत्या आणि कुणी पाहिलंच तर चप्पल नीट करत असल्याचं दाखवत होत्या. हो म्हणावं की नाही, काही सुचेना. मग माणूस जे करतो ते त्यांनी केलं, निर्णय दुसऱ्या कशावर तरी ढकलला. शुक्रवारी बाराच्या आत मालकिणीला हरवलं तर यादी माझी. नाही हरवलं तर दाखले.

त्या दिवसापासून घरात कुणाला चैन म्हणून नव्हतं. घरात दुसरं होतं तरी कोण, एक नवरा. त्यांचं खाली औषधांचं दुकान. ते दुपारी जेवायला वर आले की बाई पडल्या पडल्या हातवारे करत असायच्या.

"अगं, कितव्यांदा?"

"आठव्यांदा. अहो, जरा हे बघा. मी सगळ्यांना सारखं वाढवलंय, सगळ्यांना आळीपाळीनं पुढे पाठवते, एकालाही लागोपाठ दोनदा मार खाऊ देत नाही. तरी हरते!"

नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे पाहिलं. खेळातलं त्यांना काडीचं कळत नव्हतं, पण कोपऱ्यातली बाटल्यांची यादी ओळखीची वाटली.

"ही औषधं आहेत का गं?"

"हो. एक्केचाळीस."

"एक्केचाळीस! आणि पोरं मरायला टेकलीत तरी देत नाहीस?"

"पुढे लागतील म्हणून ठेवलीत."

"याच्या पुढे काय आहे?"

याच्या पुढे काहीच नव्हतं. हा शेवटचाच मनोरा होता. सव्वीस वर्षं एखादा शिक्षक ऐनवेळी लागेल म्हणून राखून ठेवायची सवय, ती इथेही आली होती. त्या दिवशी बाईंनी सढळ हाताने औषधं पाजली आणि पहिल्यांदाच मालकिणीचे पाच प्राणी पडले. राहिलं एकच, काळं गिधाड. त्याने मात्र एकेका टोल्यात सगळ्यांना आडवं केलं.

गुरुवारी सकाळी त्यांनी भाचीला फोन लावला.

"मावशी, तू सारखी अदलाबदल करतेस ना, तिथेच फसतेस. एकाला माघारी बोलावून दुसऱ्याला पाठवलंस, की त्या घटकेत गिधाड फुकटचा टोला हाणतं. येणारा आल्या आल्या अर्धमेला. एकालाच भरपूर वाढवायचं होतंस."

"म्हणजे एक राबणार आणि पाच चहा पिणार? शिक्षकांच्या खोलीत बघितलंय मी ते सगळं."

भाची खो खो हसली. "बरं, मग दुसरा उपाय. गिधाड विजेला भितं. जखमी असलं की तुझी वीजबाई त्याला एका फटक्यात पाडेल. पण तिला फुकटचा टोला बसता कामा नये, एवढीशी तर आहे ती. कुणी समोर पडलं ना, की त्याच्या जागी येणाऱ्याला टोला बसत नाही. तेव्हा कुणाला तरी पडू दे."

"पडू दे म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम. औषध द्यायचं नाही, माघारी बोलवायचं नाही. पडू द्यायचं."

"शोभतं का हे बोलणं तुला?" म्हणून बाईंनी फोन ठेवला. नंतर दिवसभर त्या कुशी बदलत राहिल्या. पाठ ठणकत होती. नऊ वाजले की तिसरा तास संपला, साडेनऊला मधली सुट्टी, हे घड्याळ डोक्यात चालूच होतं, आणि त्याच्यावर ग्रंथपाल कुणाला कुठे पाठवत असतील याचा घोर. संध्याकाळपर्यंत त्या आणखी तीन लढाया हरल्या. एकदा ठिणग्याला पडू दिलं, पण गिधाडाने त्याला दोन टोल्यांत संपवलं आणि तेवढ्यात मालकिणीने गिधाडाला औषध पाजून ठणठणीत केलं. एकदा बेडूक गेला. लवकर पडणारा कामाचा नव्हता. मालकिणीजवळची औषधं संपेपर्यंत मार खात उभा राहील असा कुणीतरी हवा होता. असं एकच जण होतं, आणि ते कोण हे बाईंना पहिल्यापासून ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी दहाला त्या मनोऱ्यावर चढल्या. सव्वाअकराला गिधाड समोर आलं. बाईंनी थोरलीला पुढे काढलं.

थोरली हळूच चालायची, हळूच चावायची. गिधाडाने पहिला टोला दिला, ती उभी. तिने त्याला चावा घेतला, मालकिणीने बाटली उघडली. दुसरा टोला. पुन्हा चावा, पुन्हा बाटली. तिसऱ्या टोल्याला थोरलीची ताकद रेघेएवढी उरली, आणि तिचा चावा बसल्यावर मालकिणीचा हात झोळीत गेला आणि रिकामा बाहेर आला. बाईंच्या झोळीत अजून नऊ औषधं होती. बोट त्या बाटलीवर गेलं. एक दिली की थोरली वाचली असती. "माफ कर गं बाई," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि बोट उचललं.

थोरली पडली. वीजबाई आली, तिला कुणी हात लावला नाही, आणि एका फटक्यात गिधाड खाली. वाजंत्री वाजली. पडद्यावर सहाजण ओळीने उभे राहिले. थोरलीही बरी होऊन सगळ्यांच्या आधी, तोच झोपाळू चेहरा घेऊन.

अकरा पस्तीस. बाई जिंकल्या होत्या. यादी त्यांची होती, पैज स्वतःशीच लावलेली असली तरी पैज ती पैज. त्यांनी शाळेला फोन लावला. मुख्याध्यापिका वर्गावर होत्या, उचलला ग्रंथपालांनी.

"बरं झालं बाई तुम्हीच! सहावी ब ला शेवटच्या तासाला कुणीच नाही. चित्रकलेच्या सरांना मी लागोपाठ तीन लावलेत, ते कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. आता कुणाला पाठवू?"

उत्तर बाईंच्या जिभेवर आलं. खेळाचे शिक्षक, ते त्या वेळी मैदानावर नुसते गळ्यात शिट्टी घालून उभे असतात. एवढं सांगितलं की सोमवारपासून ग्रंथपाल आपणहून खुर्ची रिकामी करून देणार, हेही त्यांना कळत होतं. त्यांची नजर पडद्यावर ओळीत पहिली उभ्या असलेल्या थोरलीवर गेली. तिथेच खिळली.

"ऐकताय ना बाई?"

"ऐकतेय. तुम्हीच बघा. दोन-चारदा चुकेल, मग जमेल तुम्हाला. आणि मॅडमना सांगा, दाखल्यांचं टेबल मी घेते."

त्यांनी फोन ठेवला आणि त्यांना रडू फुटलं. अकरा वेळा हरल्या तेव्हा डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, आणि आता हुंदके आवरेनात. दुपारच्या जेवणाला वर आलेले यजमान दारातच थबकले. पलंगावरचं यंत्र त्यांनी पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि जवळ येऊन बसले.

"हरलीस का गं?"

"नाही हो," बाई म्हणाल्या, "जिंकले," आणि आणखी जोरात रडायला लागल्या.