दाराबाहेरचा रखवालदार

तिला सगळे खुर्चीवाली म्हणत. फाटक्या खुर्च्या, बसके सोफे, मोटारींच्या सीटा, दातांच्या डॉक्टरची ती वरखाली होणारी खुर्ची, जे जे म्हणून माणसाच्या बुडाखाली झिजतं ते सगळं ती उसवून, भरून, ताणून पुन्हा शिवून द्यायची. बारीक खिळे तोंडात धरायची आणि खिळ्यांसकट बोलायची. नवं गिऱ्हाईक दचकायचं. जुनं म्हणायचं, "बाई, आधी थुंका आणि मग भाव सांगा."

तिचा नवरा किल्लीवाला. दुकान एकच, पण रस्त्याच्या अंगाला त्याचं टेबल, कानशी आणि कुलपं, आणि आतल्या अंगाला तिचा स्पंज आणि कापडाचे गठ्ठे. मागे घर. संसार म्हणाल तर झकास. भांडण एकच, पण ते लग्नापासूनचं आणि दोघांपैकी कुणीही मागे न हटणारं: उजवं कुठलं आणि डावं कुठलं.

त्याचं कसं, की कुलूपवाला दारासमोर उभा राहतो. बघणाऱ्याच्या उजव्या हाताला जे, ते उजवं. बात खतम. तिचं कसं, की खुर्ची असते बसणाऱ्यासाठी, तेव्हा बसणाऱ्याचा उजवा हात जिथे टेकतो तो खुर्चीचा उजवा हात. एकदा ती म्हणाली, "अहो, त्या सोफ्याचा उजवा हात तेवढा उसवून ठेवा." हा गडी समोर उभा राहिला आणि धडधाकट हात उसवून मोकळा झाला. त्या दिवशी जेवताना दोघांनी एकमेकांना मीठसुद्धा दिलं नाही.

तर अशा या बाईला एक नाद होता. नाद म्हणजे, दुसऱ्या कुणाला दागिन्यांचा असतो, कुणाला भिशीचा, हिला एका विलायती मालिकेचा. लेक रांगत होती तेव्हा ती मालिका रविवारी संध्याकाळी टीव्हीवर लागायला लागली. मूळची इंग्रजी, पण आपल्या भाषेत बोलायला लावलेली. गोष्ट पुढच्या काळातली. ताऱ्यांच्या पार टोकाला एक ओसाड खडक, खडकावर दीपगृह, आणि येणाऱ्याजाणाऱ्या यानांना वाट दाखवायला तिथे एक रखवालदार आणि त्याची मदतनीस बाई. बस. एवढ्यावर त्यांनी कितीतरी वर्षं काढली.

पैशाची ओढाताण उघडी दिसायची. दार जोरात लावलं की दीपगृहाची भिंत हलायची. राक्षस यायचे ते रबराचे, आणि गुडघ्याशी रबराला वळ्या पडायच्या. खुर्चीवाली एका नजरेत ओळखायची, "हा खिडकीचा पडदा आहे, उलटा शिवलाय." रखवालदाराच्या खुर्चीचा उजवा हात पहिल्या भागापासून उसवलेला होता. आतला कापूस बाहेर डोकवायचा आणि हिचे हात शिवशिवायचे. अख्खं आकाश राखतात आणि घरात एक सुई नाही!

तरीही ती बघायची. शेजारीण विचारायची, "काय बघतेस त्या भुताटकीत?" तेव्हा तिला धड सांगता यायचं नाही. पण सोफ्याच्या स्प्रिंगा बांधता बांधता ती त्यावर विचार करायची. बाकीच्या मालिकांत माणसं जिंकायची नाहीतर रडायची. इथे जग बुडायला आलं तरी रखवालदार आधी दिव्याची काच पुसायचा, मग चहा टाकायचा, मग विचारायचा, "हं, काय म्हणत होतीस?" येणारं यान कुणाचं, चांगल्याचं की वाइटाचं, ते तो बघत नसे. दिवा सगळ्यांना सारखा. आपल्याही दुकानात असंच आहे, तिला वाटे. कुणाच्या बुडाची चौकशी करून कुणी स्पंज भरत नाही.

किल्लीवाला मालिका बघत नसे. ऐकत असे. रविवारी संध्याकाळी तो टीव्हीकडे पाठ करून खिडकीच्या उजेडात किल्ल्या घासत बसायचा. पण कान तिकडे. त्याला प्रत्येकाचा आवाज पाठ होता, चेहरा एकाचाही नाही. रखवालदाराचा आवाज जाडाभरडा, गंजलेली बिजागरी उघडावी तसा. किल्लीवाल्याला तो फार आवडायचा. कधी मधेच म्हणायचा, "आज घसा बसलाय त्याचा," आणि खरंच बसलेला असायचा.

त्या गोष्टीत सोंगाडे नावाची एक जात होती. कुणाचंही रूप घेऊन दीपगृहात शिरायची. ओळखायचं कसं ते मालिकेत कुणी कधी बोललं नाही, पण खुर्चीवालीने ताडलं होतं. सोंगाड्या दाखवताना ते लोक बहुधा फिल्मच उलटी लावत, आरशात दिसावी तशी. खरा रखवालदार डावखुरा, त्याचं सोंग उजवं. भांगही पलीकडे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं होतं कुणी?

आणि मग तो भाग आला. वादळात दिवा विझला. रखवालदार दुरुस्तीला बाहेर गेला, मागे दार आपटलं, भिंत हलली, आणि चित्र काळं झालं. पुढच्या रविवारी खुर्चीवाली वेळेवर बसली तर त्या वेळेला साबणाच्या कंपनीची प्रश्नमंजूषा! मालिका बंद पडली होती. माणूस बाहेरच राहिला.

वर्षं गेली. लेक मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. खुर्चीवाली मधूनच हातातलं काम थांबवून म्हणायची, "अहो, आला असेल का हो तो आत?" किल्लीवाल्याला कोण ते विचारावं लागत नसे. "आला असेल. दार आतून उघडणारं होतं, आवाजावरून कळत होतं. आणि मदतनीस आतच होती की," तो म्हणायचा. पण असेल म्हणजे काही आहे नव्हे.

एक दिवस लेकीचा फोन आला. "आई, तुझं दीपगृह परत लागतंय! तोच नट आहे म्हणे, म्हातारा झालाय."

खुर्चीवालीने तोंडातले खिळे वाटीत थुंकले. "रखवालदार आत येतो का?"

"ते बघितल्यावर कळेल ना!"

पण बघायचं कशाने? त्याच दिवसांत तिला सरळ शिवण मधोमध वाकडी दिसायला लागली होती. चांगली शिवण उसवून ती पुन्हा घालायची, तरी वाकडीच. शेवटी नवऱ्याने पट्टी लावून दाखवली, की बाई, शिवण सरळ आहे, वाकडं काहीतरी तुझ्यातच आहे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळ्याच्या मागच्या पडद्याला भोक पडलंय. ऑपरेशन करून आत हवेचा बुडबुडा सोडायचा, आणि मग काही दिवस रात्रंदिवस मान खाली घालून राहायचं, म्हणजे बुडबुडा वर चढून भोक दाबून धरतो.

"खिळा ठोकेपर्यंत आम्ही कापड अंगठ्याने दाबतो तसं," खुर्चीवाली म्हणाली.

"तसंच. पण किती दिसेल ते आत्ता सांगता यायचं नाही."

तिचा दुसरा डोळा लहानपणापासूनच अधू. उजेड आणि सावली, एवढंच त्याचं राज्य. सगळी भिस्त याच डोळ्यावर. ऑपरेशन झालं, आणि मालिकेचा पहिला भाग नेमका मान खाली घालायच्या दिवसांत पडला.

"मी टेपवर घेऊन ठेवते. बरी झालीस की बघ," लेक फोनवर म्हणाली.

"इतकी वर्षं तो दाराबाहेर उभा आहे. त्याला आणखी उभा ठेवू? आणि डोळा नाहीच आला तर टेप काय हाताने चाचपू?"



रविवारी संध्याकाळी खुर्चीवाली पलंगावर पालथी पडली. ऑपरेशनच्या आधीच तिने जुन्या स्पंजाची मधे भोक असलेली उशी शिवून ठेवली होती. तोंड त्या भोकात, डोळ्यावर पट्टी, नजरेपुढे काळोख. कान तेवढे मोकळे. तिने फर्मान सोडलं, "आज पाठ करून बसायचं नाही. माझ्या बदली बघायचं आणि सांगायचं."

किल्लीवाल्याने स्टूल फिरवलं. जन्मात पहिल्यांदा तो त्या मालिकेसमोर तोंड करून बसला. सुरुवातीचं संगीत वाजलं तेव्हा ओळखीचं माणूस भेटावं तसा खुश झाला. मग माणसं बोलायला लागली आणि तो उठून टीव्हीला थपडा मारायला लागला.

"काय झालं?" ती उशीतून ओरडली.

"बिघडलाय गं! या बाईचं तोंड मिटलं तरी बोलणं चालूच आहे!"

"अहो, बसा खाली! पहिल्यापासून तसंच आहे. तोंड विलायतेचं आणि बोलणं आपलं. ही कोण आहे?"

"मला काय माहीत. बोलू दे जरा." तो ऐकत राहिला. "ही ती मदतनीस. अरेच्चा, ही एवढी उंच होती होय? मी बुटकी समजत होतो."

"आता तीच दिवा राखते वाटतं. चहा टाकलाय का?"

"टाकलाय."

"मग ठीक आहे."

तेवढ्यात टीव्हीत वारा सुटला आणि कुणीतरी दार ठोठावलं. खुर्चीवालीच्या हातांनी पलंगाची कड घट्ट धरली. कडी सरकल्याचा आवाज आला. मग एक माणूस बोलला, "दिवा कुणी पुसला आज?"

आवाज गुळगुळीत, गोड. तेल दिलेल्या बिजागरीचा.

किल्लीवाला चटकन म्हणाला, "हा तो नव्हे."

तिलाही तेच वाटलं होतं. शिवाय या माणसाचे कान आवाजात फसत नाहीत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणजे इतकी वर्षं वाट बघून दारातून आत आला तो सोंगाड्या. खरा बाहेरच गेला. पट्टीखाली डोळ्याला पाणी आलं आणि ते येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून तिने दात आवळले.

मग ती पुटपुटली, "दिसतो कसा?"

"म्हातारा आहे. केस पांढरे. पोट सुटलंय."

"तुमच्याएवढं?"

"माझ्यापेक्षा कमी," तो नाइलाजाने म्हणाला.

"काय करतोय?"

"दार लावलं त्याने. आता कडी घालतोय. लांब सरकती कडी आहे, नीट बसत नाही, जरा उचलून घ्यायला हवी... हां, उचलली. जाणता आहे."

सगळी गोष्ट आता या कडीवर आली होती. नवऱ्याला सोंगाड्यांच्या उलट्या हाताचं काही ठाऊक नव्हतं. म्हणजे तिचं मन राखायला तो खोटं सांगू शकत नव्हता. तिने आवाज होता होईल तो साधा ठेवला.

"अहो, कुठल्या हाताने?"

"उजव्या."

संपलं. टीव्हीत काहीबाही चाललं होतं, पेले वाजत होते. ती उशीच्या भोकात बघत पडून राहिली. काळोखच होता, त्यात आणखी काय काळं व्हायचं! आता उठून टीव्ही बंद करा म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं. आणि एकदम तिला तो सोफा आठवला. तो धडधाकट हात, ते मिठाशिवायचं जेवण.

"अहो," ती म्हणाली. "उजव्या म्हणजे कुणाच्या उजव्या?"

"म्हणजे काय? उजवा तो उजवा."

"तो तुमच्याकडे तोंड करून उभा आहे की पाठ करून?"

"माझ्याकडे तोंड करून. हात मागे नेऊन कडी घातली. या बाजूच्या हाताने." त्याने स्वतःचा उजवा हात हलवून दाखवला. पालथ्या पडलेल्या बाईला!

"या म्हणजे कुठल्या? तुमच्या उजव्या हाताच्या बाजूला त्याचा जो हात आहे, तो?"

"तेच तर मघापासून सांगतोय. उजवा!"

"डावा आहे हो तो! त्याचा डावा!"

"बघणाऱ्याचा उजवा!"

"घाला चुलीत तो बघणारा!" खुर्चीवाली उशीत तोंड खुपसून हसायला लागली. अख्खा पलंग हलायला लागला. "आला हो, आला! तोच आहे! खरा आहे!"

"अगं, हसू नकोस, बुडबुडा सटकेल! आणि तो कसा असेल? आवाज त्याचा नाही."

"आवाज देणारा दुसरा घेतला असेल. पहिला बिचारा गेला असेल नाहीतर म्हातारा झाला असेल. तोंड विलायतेचं, आवाज आपला, हे आत्ताच सांगितलं ना तुम्हाला?"

किल्लीवाला विचारात पडला. इतकी वर्षं ज्याला तो रखवालदार समजत होता तो म्हणजे इथलाच, कुठल्यातरी खोलीत बसून बोलणारा माणूस. "म्हणजे तुझा आला आणि माझा गेला," तो म्हणाला.

तिला त्याची दया आली. "याचाही आवाज वाईट नाही हो. सवय होईल."

"बघू," तो म्हणाला, पण स्टूल काही फिरवलं नाही. टीव्हीत मदतनीस बाई अजून संशयाने बघत होती. हा खरा की सोंग, हे तिला कळायला पुढचे कितीतरी भाग लागणार होते. पलंगावरच्या बाईला कळून चुकलं होतं. ती मजेत पडून उरलेला भाग ऐकत राहिली आणि नवरा सांगत राहिला, कुठल्या दाराला कुठली बिजागरी आहे, खिळे कुठले आणि स्क्रू कुठले. माणसांचं तो फारसं सांगत नव्हता. तिने मागितलंही नाही.

मान वर करायची परवानगी मिळाली. पट्टी निघाली. बुडबुडा डोळ्यात बरेच दिवस राहिला, बाटलीतल्या पाण्यासारखा डुचमळायचा, आणि रोज थोडा थोडा विरत गेला. एका रविवारी तो मुगाच्या दाण्याएवढा उरला होता तेव्हा ती टीव्हीसमोर येऊन बसली. किल्लीवाल्याने स्टूल कधीच टीव्हीकडे वळवून ठेवलं होतं. विचारलं तर म्हणाला, "इथे वारा बरा येतो."

रखवालदार आला आणि आपल्या जुन्या खुर्चीत बसला. खुर्चीवाली पुढे झुकली. भिंती आता हलत नव्हत्या. पैसा आलेला दिसत होता. पण खुर्ची तीच होती. हातावरची शिवण वरून खाली सरळ येत होती, दोरी धरल्यासारखी सरळ, मधे कुठेही न वाकता, आणि जिथे उसवली होती तिथे अजून कापूस बाहेर डोकवत होता.

"मेल्यांनी अजून टाका घातला नाही," ती समाधानाने म्हणाली. "उजवा हात तसाच आहे."

किल्लीवाल्याने कानस थांबवली, टीव्हीकडे नीट पाहिलं, मग तिच्याकडे.

"कुणाचा उजवा?" त्याने विचारलं.