जाग आल्याची वेळ

कापसाचा करंगळीएवढा बोळा दोन मिनिटं तोंडात घोळवायचा, लाळेनं भिजला की नळीत टाकायचा, झाकण लावायचं आणि वर वेळ लिहायची. यात चुकण्यासारखं आहे काय? नळीताई हा प्रश्न दोन वर्षं लोकांना विचारत होती, आणि त्याचं उत्तर तिच्याच घरात, तिच्याच फ्रिजमध्ये टोमॅटोच्या शेजारी पडलेलं होतं.

नळीताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ती एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होती. तिथल्या मॅडमनी एकच प्रश्न धरून ठेवला होता: तीव्र नैराश्य आलेल्या माणसाच्या शरीरात नेमकं बिघडतं काय? ताण आला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतं. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते चढतं आणि माणूस दिवसाला तोंड द्यायला सज्ज होतो. मॅडमना शंका होती की या आजारात हा चढच नाहीसा होतो, आणि त्यापायी प्रतिकारशक्तीही बिथरते. कुठे जखम नाही, जंतू नाही, तरी शरीर आपलं आतल्या आत लढतच राहतं. रक्त द्यायला लोक संस्थेत येत, पण लाळ मात्र जाग आल्या आल्या, अंथरुणातच घ्यावी लागे, आणि अर्ध्या तासानं पुन्हा.

त्या नळ्या घरोघरी द्यायच्या, समजावून सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी बर्फाच्या पेटीतून परत आणायच्या, हे नळीताईचं काम. तिच्याकडे त्रेचाळीस घरं होती. बाई मायाळू, पण राग नाकाच्या शेंड्यावर. "मावशी, साडेसहाला जाग आणि दुसरी नळी आठला? ही आता मला काय कामाची, सांगा बघू?" असं ती एकदा म्हणाली की त्या घरातला पुढचा फॉर्म छापल्यासारखा येई. पहिली नळी साडेसहा, दुसरी सात. मॅडम इतर तंत्रज्ञांना हे फॉर्म दाखवत आणि म्हणत, "हे बघा, काम असं असतं." तेव्हा ताई नम्रपणे खाली बघायची, पण तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं हे सगळ्यांना दिसायचं.

एकतिसावं घर तिचं स्वतःचं होतं. घरात तीन माणसं. ती, बाबा आणि धाकटा भाऊ. बाबांनी बस डेपोत टाइमकीपर म्हणून तीस वर्षं काढली. गाडी एक मिनिट उशिरा सुटली तरी नोंद तांबड्या शाईत. डेपो सुटला, पण स्वभाव कसला सुटतो! भाऊ सुतार होता, हात इतका साफ की त्याच्या कपाटाचं दार बंद होताना आवाज येत नसे. मग हळूहळू त्याच्या हातातून काम गळत गेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या. पण तो उठायचा अकरा-साडेअकराला, आणि बाबांचं निदान ठरलेलं होतं.

"अकराला उठतो त्याला आजार नसतो, आळस असतो," ते म्हणत. आत्या आली की "लाडावून ठेवलाय" असं शेपूट जोडून जाई. भाऊ भिंतीकडे तोंड करून ऐकत राही. हे ऐकून ताईचा जीव तीळतीळ तुटायचा.

म्हणून पहिल्या फेरीत भावाचा आलेख हाती आला तेव्हा तिला धन मिळाल्यासारखं झालं. निरोगी माणसाची रेषा सकाळी चढलेली, भावाची सपाट, टेबलासारखी. भावाला विचारून तिनं तो कागद घरी आणला आणि बाबांपुढे ठेवला.

"बघा. तुमच्या-माझ्या सकाळीला चढ असतो, त्याच्या सकाळीला नाही. हे मी म्हणत नाही, यंत्र म्हणतंय."

बाबांनी चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि परत दिला. सोनारानंच कान टोचावे म्हणतात ते खोटं नाही. त्या दिवसापासून 'आळस' हा शब्द घरातून गेला. आत्यासुद्धा तो कागद पाहून गप्प झाली. ताईनं तो प्लास्टिकमध्ये घालून कपाटात जपून ठेवला.

दुसरी फेरी सुरू झाली. एके दिवशी बर्फाच्या लाद्या कमी पडल्या म्हणून ताई साडेअकराला अवचित घरी आली. भाऊ अंथरुणात बसला होता. त्याच्या दोन्ही गालांत एकेक बोळा होता, गाल टम्म फुगलेले. मांडीवर फॉर्म. तो अगदी सुवाच्य अक्षरात लिहीत होता: साडेसहा, सात.

"हे काय चाललंय?"

त्याला बोलता येईना. त्यानं बोळे काढून दोन नळ्यांत टाकले. सवयीनं झाकणंही लावली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पहिल्यापासून." तो खाली बघून म्हणाला, "जाग चारलाच येते गं. नळी उशाशीच असते, पण हात जात नाही. मग अकराला कसाबसा उठतो. खरं लिहिलं तर तू म्हणणार, ही काय कामाची? एवढी उन्हातान्हात वणवण करतेस. तुला कशाला नाराज करायचं?"

ताईच्या पायाखालची वाळू सरकली. दोन्ही बोळे एकाच वेळी चघळलेले, मग रेषा सपाट येणार नाही तर काय होणार? आणि छापल्यासारखे फॉर्म काही एकट्या भावाचेच नव्हते. आजारी माणसांनी तिची मर्जी सांभाळली होती.

ती पेटी घेऊन जिन्यात जाऊन बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मॅडमचा शोधनिबंध महिनाअखेर जायचा होता, आणि या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. नोकरीची भीती होतीच, पण खरी भीती कपाटातल्या कागदाची होती. तो रद्दी ठरला की संध्याकाळपर्यंत 'आळस' पुन्हा घरात येऊन बसणार, आणि या वेळी भावाच्या बाजूनं बोलायला यंत्रही नसणार. पेटीतला उरलासुरला बर्फ वितळला तेव्हा ती उठली.

आधी तिनं पाच घरं गाठली. "खरं सांगा, मी रागावणार नाही." तिघांनी कबूल केलं. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "पेपर कोरा कसा द्यायचा हो? म्हणून भरला." तिथून ती तडक मॅडमच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षं. याचा अर्थ कळतोय तुला?"

"कळतोय. चूक त्यांची नाही, माझी आहे. मी त्यांना धाकात ठेवलं. माझ्या घरांतला एकही फॉर्म धरू नका."

"आणि मग?"

"पुन्हा करायचं. पहिल्या नळीपासून."

"तुला मी ठेवीन असं धरून चाललीयस?"

"नका ठेवू. पण पद्धत ऐकून घ्या, मग काढा," ताई म्हणाली आणि न विचारता खुर्ची ओढून बसली. डोळे उघडल्याची वेळ वेगळी लिहायची, नळी भरल्याची वेगळी. घरातल्या एका माणसानं शेजारी बसून नळी हातात द्यायची आणि वेळा त्यानंच लिहायच्या. शेवटी शेऱ्याला मोकळी जागा. मॅडमनी कागद पुढे ओढला आणि लिहून घ्यायला लागल्या. निबंध थांबला आणि ताई राहिली. नव्या फॉर्मवर ठळक छापलं होतं: उशीर चालेल, खोटं चालणार नाही. त्याखाली ताईनं त्रेचाळीसही फॉर्मवर स्वतःच्या हातानं लिहिलं: मी रागावणार नाही.

घरी तिनं कपाटातला कागद काढला. "बाबा, हा खोटा आहे. नळ्या चुकीच्या वेळी भरल्या होत्या."

"म्हणजे मी म्हणत होतो तेच."

"ते मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही. म्हणून पुन्हा मोजायचं. शेजारी तुम्ही बसायचं."

"मी? तू बस की."

"माझ्यासमोर तो मला खूश करायला बघेल. तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहिल्यात, चार दिवस पोराच्या लिहा."

बाबांचा ताठा इथं कामाला आला. "एका मिनिटाचा फरक पडणार नाही," ते म्हणाले. चार दिवस त्यांनी भावाच्या पलंगाशी खुर्ची टाकली. हातात घड्याळ, गुडघ्यावर फॉर्म. ताईनं त्या खोलीत डोकावूनही पाहिलं नाही. फॉर्म आले तसे तिनं न वाचता पाकिटात घालून संस्थेत दिले. तिच्या घरांचे फॉर्म आता दुसरीच तंत्रज्ञ उघडत असे.

निकाल यायला पाच महिने लागले. त्रेचाळीस रेषांपैकी काही खरोखर सपाट होत्या, काही भलत्याच उंच, काही अगदी सर्वसाधारण. काहींच्या रक्तात ती आतली लढाई दिसत होती, काहींच्या नाही. मॅडम थकल्या होत्या, पण खुशीत दिसल्या. "आजाराचं नाव एक, वाटा अनेक असाव्यात," त्या म्हणाल्या. "आता कुठे खरा प्रश्न हाती लागलाय. पुढची फेरी कधी लावतेस?" ताईनं तारीख सांगितली. मग एकतीस क्रमांकाचा कागद पाहिला. भावाची रेषा चारचौघांसारखी होती आणि रक्तही स्वच्छ.

घरी जाताना तिनं मनातल्या मनात भांडण पाठ केलं. नळीत सापडलं नाही म्हणजे आजार नाही असं होत नाही, अजून शंभर गोष्टी मोजायच्या राहिल्यात, एकेक मोजल्याशिवाय मी सोडणार नाही. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. तिनं कागद ठेवला आणि कंबर कसून उभी राहिली.

"सगळं ठीक आलंय, बाबा. यात काहीच दिसत नाही."

बाबांनी कागदाला हात लावला नाही. त्यांनी खणातून चार पिवळे कागद काढले. प्रत्येक नोंदीची कार्बन प्रत ठेवायची त्यांची डेपोतली सवय. तांबडी शाई कुठेच नव्हती.

दिवस पहिला. डोळे उघडले ४.१०. पहिली नळी भरली ४.१२, दुसरी ४.४०. अंथरुणाबाहेर ११.२५. शेरा: मधल्या काळात उठण्याचा प्रयत्न, नऊ वेळा.

दिवस दुसरा. डोळे उघडले ३.५५. अंथरुणाबाहेर ११.४०. शेरा: प्रयत्न तेरा वेळा. सातव्या वेळी रडला. मी पाहत नाही असं दाखवलं.

"आळशी माणूस तेरा वेळा प्रयत्न करत नाही," बाबा म्हणाले. "तुझं यंत्र काही का म्हणेना. मी शेजारी बसलो होतो."

पाठ केलेलं भांडण विसरून ताईनं पुढचा कागद उचलला. डोळे भरून आल्यानं तिसऱ्या दिवसाचं अक्षर तिला नीट लागेना. चौथ्या दिवसाचा शेरा तेवढा मोठ्या अक्षरात होता.

प्रयत्न चार वेळा. पाचव्या वेळी मी हात दिला. उठला, ९.०५.