शंभर कोंबड्यांची कुपी

"खुडूक हाय ती, आक्का. चार दिस झालं, अंडं न्हाय, चरायला भाईर न्हाय. नुसती कोपरा धरून बसलीया."

"बसलेली येगळी आणि पडलेली येगळी, शाले."

"तुला लईच कळतंय."

"कळतंय म्हणून तर इचारतो. माझ्या खोपीत कुणाला इचारून ठेवलीस हिला?"

"तू भांगलायला गेलतीस. मी म्हटलं अंडी हायत, कोंबडी हाय, आक्काची वाट कशाला बघायची?"

"कवा ठेवलीस?"

"काल. दिस बुडायच्या आधी."

"म्हंजे रातभर हितंच?"

"मग काय लॉजवर ठेवायची व्हय?"

शालूबाई स्वतःच्या बोलण्यावर हसली, पण तिच्या थोरल्या जावेनं, बयाबाईनं, तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. खोपीत ओळीनं चार पाट्या होत्या. तीन पाट्यांतल्या कोंबड्या पिसं फुगवून अंड्यांवर चिकटून बसलेल्या. चौथीत ही नवी, कबरी. बयाबाई वाकली आणि तिनं पहिल्या पाटीतल्या तांबडीच्या पोटाखाली हात सरकवला. तांबडीनं कुर्र करून मनगटावर टोच मारली.

"ही काय केली?"

"टोचली."

"आता ही बघ."

तिनं कबरीच्या पोटाखाली हात घातला. कबरीनं एक डोळा उघडला आणि मिटला. बयाबाईनं तिला पाय धरून उचललं. दोन्ही पंख गळालेले, शेपटाखालची पिसं हिरव्या पातळ घाणीनं चिकटलेली, तुरा टोकाला काळपट. उलटी धरल्याबरोबर चोचीतनं लाळेची तार लोंबली.

"मानमोडी हाय ही. मरीचा रोग."

"माझ्या म्हायेरास्नं आणलीया. भावानं दिली. त्याच्या घरात रोग हाय म्हंतीस तू?"

"भावाचं नाव मी घेतलंय का?"

"न घेता घेतलंस की."

मुरगूडपासून चार मैलांवरच्या आमच्या गावात, समाजमंदिरामागच्या गल्लीत, पंचवीस-तीस घरं. प्रत्येकाच्या दारात दोन-चार कोंबड्या. कुणाची कोंबडी खुडूक झाली, की ती काखेत मारून बाई निघायची ती थेट बयाबाईच्या खोपीकडं. बयाबाई आधी कोंबडी बघायची, मग बाईकडं. "ही बसणार न्हाय, हिचा नाद दोन दिसाचा हाय. दगडावर डालगं पालथं घाल, खाली पाचट ठेवू नको, वारं लागू दे. चौथ्या दिशी अंड्यावर येतीया." काही बाया खुडूक मोडायला कोंबडीच्या नाकात पीस खुपसायच्या. ते बयाबाईला खपत नसे. "तुझ्या नाकात घालू का?" एवढंच विचारायची.

जी बसणारी असेल तिला मात्र ती ठेवून घ्यायची. पाटीत राख, राखेवर भाताचं तूस, त्यावर अकरा नाहीतर तेरा अंडी. आठव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात एकेक अंडं धरून बघायची आणि कोरं निघालेलं बाजूला काढायची. दिवसातनं एकदा प्रत्येकीला उठवून दाणा-पाणी. खुडूक कोंबडी दिवसातनं एकदाच घाण टाकते, भलीमोठी आणि घाणेरड्या वासाची. त्यावरनं तिची तब्येत कळते, असं ती सांगायची तेव्हा पोरी नाक दाबायच्या. बदल्यात बयाबाई काही मागत नसे. पिलं निघाली की ज्याची त्याला. नवरा जयसिंग एसटीच्या गडहिंग्लज डेपोत, आठवड्यानं घरी येणारा. पोरांची लग्नं झालेली. गल्लीत तिला कुणी अध्यक्ष केलं नव्हतं, बचतगटातही तिचं नाव शेवटी होतं. पण "बयाबाईच्या खोपीत बसवलीया" असं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नसे. हे एवढंच तिचं होतं.

आणि हे तिच्या हातनं एकदा गेलं होतं. चौऱ्याण्णव साली तिनं स्वतः अशीच एक कोपऱ्यात बसलेली कोंबडी खुडूक समजून अंड्यांवर ठेवली. आठ दिवसांत गल्लीत मर पसरली. कोंबड्या मान पिळून गोल गोल फिरायच्या आणि पडायच्या. लोकांनी जगल्या-वाचल्या डालग्यात घालून बाजारात नेऊन विकल्या, त्या दुसऱ्या गावात जाऊन मेल्या. त्यानंतर तीन वर्षं तिच्या खोपीकडं कुणी फिरकलं नाही. आता सन नव्याण्णव. कुठं जरा पाट्या भरायला लागल्या होत्या.

हे शालूबाईलाही ठाऊक होतं. ती आवाज उतरवून म्हणाली, "आक्का, ऐक. हिला मी परड्यात नेऊन पुरतो. कुणाला कळायचं न्हाय. ह्या तिघी चांगल्या हायत की."

"काल रातभर एका खोपीत व्हत्या."

"म्हणून काय गावभर दवंडी देणार? पुन्ना कोण कोंबडी देईल तुला?"

"न्हाय देणार कुणी."

"मग?"

बयाबाईनं कबरीला डालग्याखाली झाकलं, हात राखेनं आणि साबणानं धुतले, लुगडं बदललं आणि गल्लीत गेली.

तासाभरात बाळाबाई आणि आकाराम दारात. तांबडी बाळाबाईची, काळी आकारामची, आणि तिसरी ढवळी बयाबाईची स्वतःची.

"माझी तांबडी दे," बाळाबाई म्हणाली. "घरी बसवतो मी तिला."

"एकवीस दिस कुणाची कोंबडी ह्या उंबऱ्याभाईर जाणार न्हाय."

"माझी हाय ती."

"तुझीच हाय. तुझ्या घरातल्या बाकीच्या चार पण तुझ्याच हायत. त्यांच्यात नेऊन सोडणार हिला?"

आकाराम भिंतीला टेकून तंबाखू मळत होता. "हे बरं हाय," तो म्हणाला. "रोग तुझ्या घरात आणि जप्ती आमच्या कोंबडीवर. मी काय म्हंतो, परवा बाजार हाय. घरातल्या सगळ्या विकून मोकळं होऊया. सगळी दुनिया हेच करती."

"त्या विकत घेणाऱ्याच्या घरात कोंबड्या नसतील व्हय रं?"

"ते त्याचं तो बघंल."

"चौऱ्याण्णवला असंच कुणीतरी म्हटलं असणार. मग ती माझ्या दारात आली."

आकारामनं तंबाखू तोंडात टाकली, त्यामुळं पुढं बोलायचा प्रश्न मिटला.

दुपारी ती मुरगूडच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर दौऱ्यावर. कंपौंडर खिडकीतनं म्हणाला, "मावशी, लस हाय. पण एक कुपी शंभर कोंबड्यांची. फोडली की दोन तासांत संपवाय लागती, न्हायतर वाया. शंभर कोंबड्या एका जागी गोळा करा, मी येतो."

"आमच्या गल्लीत सत्तर असतील."

"मग सत्तरासाठी न्हाय फोडता येत. आणि रोग्याजवळच्या कोंबड्यास्नी टोचायची न्हाय, सांगून ठेवतो. चांगल्या, खात्या-पित्याच पाहिजेत."

"शंभर करतो. तुम्ही परवा दिशी उजाडायला या."

"उजाडायला?"

"कोंबड्या सोडल्यावर धरून देशीला का तुम्ही?"

कंपौंडर हसला आणि त्यानं वहीत गावाचं नाव लिहून घेतलं.

पुढचा दीड दिवस बयाबाई घराघरांत उभी राहिली. आत जायची नाही, खुराड्याजवळ तर नाहीच. उंबऱ्याबाहेरनं बोलायची. सुई टोचली की कोंबडी अंडी घालायची बंद होते, असं चार घरांत ऐकलं. "आठ दिस बंद, मग चालू. मेली की कायमची बंद," हे तिनं चारही घरांत सांगितलं. एका घरात म्हणाले, तुझ्या घरात रोग आणि आम्ही का सुई घ्यायची? ती म्हणाली, "माझ्या घरात हाय म्हणूनच सांगाय आलोय. दुसऱ्याच्या घरात असता तर त्यानं सांगितलं असतं का तुला?"

आण्णा, गल्लीतले सगळ्यांत म्हातारे, पारावर बसलेले. छप्पन्नच्या आधीचं सगळं त्यांना आठवायचं.

"बया, पूर्वी मर आली की शिवंवर उतारा टाकायचो. एक कोंबडी सोडायची, गावाची इडापिडा घालवायची. धम्म घेतला आणि ते बंद केलं. बरं झालं बंद केलं."

"व्हय आण्णा."

"पण त्याच्या जागी काय करायचं, ते कुणी धरलंच न्हाय. मर येती, आपण बघत बसतो."

"त्याच्याच जागी ही सुई हाय. तुमच्या सहा कोंबड्या परवा धरून ठिवा."

आण्णांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "सात हायत. एक अंड्यावर हाय, तीबी आणू?"

"आणा. तासाभरानं अंडी गार पडत न्हाईत."

आण्णांनी हो म्हटल्यावर वरच्या आळीतली शेतकऱ्यांची पाच घरंही तयार झाली. तिथं आण्णांचा शब्द चालायचा. दुसऱ्या दिवशी दिवस बुडेस्तोवर तिच्या बोटांवरचा हिशेब ब्याण्णव झाला. आकारामच्या अकरा कोंबड्या त्यात नव्हत्या. ती त्याच्या दारात गेली.

"तुझ्या अकरा घातल्या तर एकशेतीन व्हत्यात."

"आणि न घातल्या तर?"

"तर त्यो कुपी फोडत न्हाय. ब्याण्णव कोंबड्यास्नी तू नाडलास असं हुईल."

"तू माझी काळी अडवून ठेवलीस आणि वर माझ्याच दारात उभी?"

"काळी मेली तर माझी ढवळी तुझी. ढवळी पण मेली तर पुढं मी जी अंड्यावर बसवीन तिची पिलं तुझी. उद्या बाजारला जाऊ नको."

आकारामनं बायकोकडं बघितलं. बायको चुलीपुढनं म्हणाली, "चार मैल डोक्यावर घेऊन कोण जातंय बाजाराला? टोचून घ्या की." तेव्हा आकारामचं मत बनलं.

दिवस उजाडला. कंपौंडर सायकलवर, थर्मासात बर्फ. समाजमंदिराच्या पायऱ्यांवर डालगी, पोती, पाट्या, एकाच्या तर शर्टात गुंडाळलेला कोंबडा. एकेकीचा पंख उघडायचा, खाली सुई, पुढची. कोंबड्यांपेक्षा माणसंच जास्त ओरडत होती. बयाबाई लांब, वडाखाली उभी. तिनं एकाही कोंबडीला हात लावला नाही, आणि तिच्या खोपीतल्या तिघींना आणलं नाही. तिथनंच ती मोजत होती. दोन हातातनं सुटून पळाल्या, तरी एकशे एक झाल्या.

कबरी त्याच सकाळी मेली. सहाव्या दिवशी काळीनं दाणा टाकला. सातव्या दिवशी तिची मान वाकडी झाली. नवव्या दिवशी ढवळी. बयाबाईनं दोघींना स्वतःच्या हातानं मारून मोकळं केलं, परड्यात कमरेएवढा खड्डा काढला, खाली-वर चुना पसरला, त्यांच्या पाट्या जाळल्या. तांबडी तेवढी राहिली. ती का राहिली ते बयाबाईला सांगता आलं नाही. एकवीस दिवस संपले तेव्हा तिच्याभोवती आठ पिलं होती. तिनं ती आणखी पंधरा दिवस कुणाला हात लावू दिली नाहीत, मग बाळाबाईच्या ओट्यावर नेऊन ठेवली. आकारामला तिनं कबूल केल्याप्रमाणं शब्द दिला, पुढची पिलं त्याची.

गल्लीत दुसरी एकही कोंबडी मेली नाही. आणि तिथंच गडबड झाली.

महिना होऊन गेला तरी खोपीत एकही पाटी भरली नव्हती. शालूबाई एके सकाळी चहाला आली. चहा बशीत ओतून ती कितीतरी वेळ फुंकर मारत राहिली.

"आक्का, लोक काय म्हणालीत ठावं हाय?"

"सांग."

"रोग नव्हताच म्हंतात. असता तर कुठं एक तरी कोंबडी मेली असती की. बयाबाईच्या खोपीतल्याच का मेल्या? म्हंजे खोपच खराब हाय. आकाराम तर म्हंतो, फुकट टोचून घेतलं."

बयाबाई शेणी रचत होती. रचत राहिली.

"आणि दुसरं. तो कंपौंडर आलता काल. सहा महिन्यांनी पुन्ना टोचाय लागतंय म्हणून सांगून गेला. कोण तयार न्हाय. त्यास्नी वाटतंय, तू उगच भीती घातलीस."

"बाळाबाई?"

"तीबी. पिलं घेतली आणि तीबी." शालूबाईनं बशी खाली ठेवली. "मी काय म्हंतो, चूक माझी झाली. मी ठेवली ती कोंबडी. पण आता तू एवढंच म्हण, की ती खुडूकच व्हती. उपाशी बसून बसून मेली. आन् बाकीच्या दोन उन्हानं गेल्या. मी चार घरात सांगतो. रोगाचं नावच निघालं न्हाय, की खोपीवरचा डाग गेला. पंधरा दिसांत पाट्या भरतील बघ. एवढं म्हणायला काय जातंय तुझं?"

बयाबाईनं शेवटची शेणी ठेवली. हात झटकले.

"आक्का, मी तुझ्याच भल्यासाठी बोलतोय. तीन वर्सं रिकामी बसलीतीस, इसरलीस? आणखी तीन वर्सं बसणार?"

बयाबाई रांजणापाशी गेली, हात धुतले, पदरानं पुसले. पदर डोक्यावर घेतला आणि कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालीस? म्हणशील न्हवं? व्हय म्हण नुसतं."

बयाबाई दारातनं बाहेर पडली. आकारामच्या घराकडं वळली, पहिली त्याच्याच दाराची कडी वाजवली, "रोगच व्हता, आकाराम. सहा महिन्यांनी पुन्ना सुई हाय," म्हणाली, आणि शालूबाई मागनं काय म्हणते आहे ते ऐकायला थांबली नाही.