उपरण्याखाली ठरलेलं पोट

नगरच्या एका दवाखान्यात माझ्या पोटाचा भाव दोनशे रुपयांना फुटला होता. पोट माझं, भाव करणारे मामा, आणि डॉक्टरांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता की सौदा चालू आहे.

दुष्काळाचं साल होतं. अख्खा जिल्हा वाळत चालला होता आणि मी तेवढा फुगत होतो. (कोल्हारला आमच्या आळीतले लोक आधी माझ्या पोटाकडे आणि मग आमच्या घराकडे संशयानं बघायचे. आत धान्याचं पेव असणार, अशी त्यांची खात्रीच होती.) साखर कारखान्यात मी कारकून. दिवसभर खुर्ची आणि कॅन्टीनची भजी. तशात नगरजवळच्या सावेडीची सुमन बघायला गेलो. मुलगी बघताक्षणी मनात भरली. निघताना तिच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, पाया पडायला वाकलो, तर पोट आडवं आलं आणि हात गुडघ्यांपर्यंतच पोचले.

"ऱ्हाऊ द्या, गुडघं न्हाई दुखत आमचं," आबा म्हणाले. आतल्या खोलीतून सुमनचं हसणं ऐकू आलं. थोड्या दिवसांनी निरोप आला : मुलगा चांगला आहे, पण पोटाचं काय ते बघा, मग बोलू.

आई म्हणाली, "एक भाकरी कमी खा."

हा उपाय मला फारच टोकाचा वाटला. तेवढ्यात मामांनी बातमी आणली की मुंबईला पोट कापून बारीक करून देतात. मामा बैलांचे व्यापारी. जगातल्या कुठल्याही वस्तूचा भाव त्यांना ठाऊक असे, आणि नसला तर ते तो तिथल्या तिथं ठरवत.

"मुंबईला अडीच हजार घेत्यात म्हनं. पुन्याला दीड. म्हंजी नगरला पाचशाच्या वर जात न्हाई."

"आणि आपल्या कोल्हारला?"

"हितं केलं तर वरनं जेवान घालतील."

मामांच्या हिशेबानं ऑपरेशन कांद्यासारखं होतं. मुंबईपासून जितकं लांब जावं तितकं स्वस्त. तरी जरा नावाजलेला हात असावा म्हणून आम्ही एस.टी.नं नगरला एका सर्जनकडे गेलो. डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवलं, पोट दाबलं, ठोकलं आणि म्हणाले, "तब्येत उत्तम आहे. झालंय काय?"

"कापायचं हाय," मामा म्हणाले. "उक्तं घेनार का किलोवर?"

डॉक्टर चष्मा काढून मामांकडे बघत राहिले.

"आन निघंल ती चरबी आमाला द्यायची. गाडीच्या आसाला वंगन हुईल."

माझी चरबी बैलगाडीला लावून मामा लोणीच्या बैलबाजाराला निघालेत, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अहो, असलं ऑपरेशन इथं होत नाही. मुंबईला जावं लागेल. एका बैलजोडीचे पैसे जातील. त्यापेक्षा कमी जेवा."

बैलजोडी हा शब्द डॉक्टरांनी काढायला नको होता. मामांचा चेहरा उजळला. 'इथं होत नाही' ही तर बाजारातली नेहमीची सुरुवात. बैल विकायला आणलेला माणूसही आधी 'विकायचाच नाही' म्हणतो! मामा उठले, खांद्यावरचं उपरणं डॉक्टरांच्या हातावर टाकलं आणि आपला हात खाली सारला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून सांगतात, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही.

डॉक्टरांना काय, म्हातारा लाजत लाजत नाडी दाखवतोय असं वाटलं. त्यांनी मामांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि दाबली.

"दोनशे?" मामा थरारले. "मंजूर!"

"गप्प बसा जरा. फार जोरात चालली आहे," डॉक्टर म्हणाले.

पण मामा थांबतात होय? सौदा झाला की बैलाच्या अंगावर गुलाल टाकायचा, ही रीत. त्यांच्या बंडीच्या खिशात पुडी कायमची असे. मी अजून सदरा वर करून टेबलावर पडलेलो. मामांनी मूठभर गुलाल माझ्या पोटावर टाकला, मांडीवर (बैलाला मारतात तशी) थाप मारली आणि दार उघडून बाहेरच्या पेशंटांना ओरडून सांगितलं, "दोनशेला पोट ठरलं!"

मी त्यांना आवरायला तसाच धावलो. बाकावर समोरच आबा बसले होते. बैलानं पाय दिल्यामुळं त्यांच्या पायाला पट्टी होती. आणि शेजारी, त्यांची काठी धरून, सुमन. तिनं माझ्या गुलाबी पोटाकडे पाहिलं आणि ती हसू लागली. इतकी हसली की काठी खाली पडली. मागून डॉक्टर ओरडत होते, "कसला सौदा? मी नाडी बघत होतो!"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. (माझं पोट बघता तिलाही जागा कमीच पडली असती.) पण खरं सांगतो, मला ती मुलगी फार आवडली होती, आणि आता सगळं संपलं असं वाटून मी रडायच्या बेताला आलो. तोंडावरही गुलाल उडालेला. सुमननं ते बघितलं असावं. ती हसायची थांबली.

"आबा, कापाकापी नको म्हनावं ह्यांना," ती हळूच म्हणाली. "जेवान मी बघीन की."

'ह्यांना' ऐकून मी घाईघाईनं सदरा खाली ओढला. आबांनी घसा खाकरला. "किती किलो कमी करनार, ते आधी ठरू द्या."

मामांनी उपरणं पसरलं. आबांचा हात खाली गेला. दोघं बराच वेळ एकमेकांची बोटं पिळत होते. आबांनी नकारार्थी मान हलवली, मामांनी कपाळावर हात मारला, परत बोटं. शेवटी दोघंही हसले आणि उरलेला गुलाल दवाखानाभर झाला. अशी आमची सोयरीक जमली. डॉक्टरांनी कुणाकडूनच फी घेतली नाही, फक्त सगळ्यांना बाहेर काढलं.

ठरलेला आकडा मात्र उपरण्याखालीच राहिला. मामा मला कानात म्हणाले, पाच किलो. सुमन म्हणते, आबांनी तिला सांगितलेले पंधरा. आता मामा आणि आबा दोघंही हयात नाहीत, विचारायचं कुणाला? म्हणून मी दोन्ही वडीलधाऱ्यांचा मान राखला आहे. पाच अधिक पंधरा, लग्नापासून बरोब्बर वीस किलोंनी वाढलो आहे.