साहेबाचं ‘स्टे ऑन’

राहा म्हणणाऱ्या माणसावर माझा चटकन विश्वास बसत नाही. इंग्रजीतून राहा म्हणणाऱ्यावर तर लहानपणी मुळीच बसत नव्हता. हा संशय मला अण्णांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून आला. त्यांच्याकडून दुसरं फारसं काही आलं नाही, हे मात्र भरभरून आलं.

अण्णा मूळचे बेळगावकडचे. बंगळुरात कॅन्टोन्मेंटकडच्या एका कंपनीत हेडक्लार्क होते. स्वातंत्र्य मिळून बरीच वर्षं झाली होती, तरी तिथला मॅनेजर अजून इंग्रजच होता. बसवनगुडीतलं आमचं घर कंपनीनंच भाड्यानं घेऊन दिलेलं. नोकरी गेली की घर गेलं, असा सरळ हिशेब. आणि ज्या वर्षी अण्णांना निवृत्तीची पंचावन्न पूर्ण होणार, त्याच वर्षी माझं मॅट्रिक व्हायचं होतं. मला पुढे इंटर करायचं होतं. साहेबानं अण्णांना आणखी दोन वर्षं ठेवलं तर मी कॉलेजात. नाही ठेवलं तर येलहंक्याला मामाकडे, आणि मग ज्याच्या गळ्यात बांधतील त्याच्या घरी. माझं सगळं नशीब त्या गोऱ्या माणसाच्या तोंडून काय निघतं त्यावर लटकलेलं होतं.

आणि काय काय निघायचं म्हणता! अण्णा घरी आले की अंगातला कोट काढायच्या आधी साहेबाचे शब्द काढायचे. घरात इंग्रजी शिकणारी मी एकटी, तेव्हा त्या शब्दांची झडती घ्यायचं काम माझं. साहेब म्हणे टेबलापाशी थांबला आणि ‘कॅरी ऑन’ म्हणाला. चालू द्या. पण चालू द्या असं सांगायची वेळ का यावी? बंद करायचं कुणाच्या मनात होतं? स्टोअरकीपरला त्यानं ‘फॉर द टाइम बीइंग’ तिथंच बसायला सांगितलं, म्हणजे तूर्तास. त्या बिचाऱ्याची नोकरी दिवाळीच्या आत गेलीच. टायपिस्टबाईंना ‘कंटिन्यू अंटिल फर्दर ऑर्डर्स’, पुढचा हुकूम येईपर्यंत काम चालू ठेवा. त्या दिवशी अण्णा भरल्या ताटावरून उठले. हुकूम तयार आहे, नुसता खणात ठेवलाय, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्या टायपिस्टबाई माझ्या लग्नानंतरही त्याच खुर्चीवर होत्या, पण ते आम्हाला तेव्हा कसं कळणार?

आई जन्माची बंगळूरची. तिच्या माहेरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथली, त्यामुळे ती मराठीतून निघून कन्नडमध्ये जायची आणि बोलता बोलता परत यायची. तिचं एकच मत. माणसाला खरंच ठेवायचं असलं की कुणी इतकं बोलत नाही, स्वल्प, म्हणजे जरा, सांभाळून राहा.

आमच्या घरची राहा म्हणायची रीत वेगळीच होती. पाहुणा उठला की जेवून जा म्हणायचं. त्यानं नको म्हणायचं. पुन्हा म्हणायचं, तर त्यानं घरी सांगून आलो नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा आईनं ‘आमच्याकडचं चालत नाही वाटतं’ असं म्हटलं की मग पाहुण्यानं हात धुवायला जायचं. पहिल्या शब्दाला हो म्हणणारा तो हावरट, आणि एकदाच विचारून गप्प बसणारं घर ते कोतं. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी अण्णा चक्क हसत घरी आले. साहेबानं केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, ‘वुड यू लाइक टू स्टे ऑन?’ आणखी दोन वर्षं राहायला आवडेल का? आईनं विचारलं, तुम्ही काय म्हणालात?

“म्हणायचं काय? नको म्हटलं. एका झटक्यात हो म्हणायला मी काय हपापलोय? म्हटलं, पुष्कळ झालं सर, आता तरुणांना संधी द्या. उद्या परत विचारेल बघ.”

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आईनं गोडाचा शिरा केला.

दुसऱ्या दिवशी साहेब ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला आणि पुढे गेला. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडा गेला तशी आमच्या घरात संशयाची चूल पेटली. आई म्हणाली, त्याला ठेवायचंच नव्हतं, तोंडदेखलं विचारलं. अण्णांना वाटे, अकाउंटंटनं साहेबाचे कान भरले. तो अकाउंटंट आमच्याच रस्त्यावर राहायचा, त्याच्या बायकोशी आईनं बोलणं टाकलं. मी तर शाळेतल्या डिक्शनरीत ‘स्टे ऑन’ शोधून त्यात काही खोच आहे का ते पाहिलं. काही नव्हती, त्यामुळे संशय आणखी वाढला. तुम्हीच जाऊन सांगा ना, असं आईनं सुचवलं तर अण्णा उखडले. आपण होऊन सांगायचं म्हणजे भीक मागितल्यासारखं.

अण्णांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात साहेब स्वतः आमच्या घरी आला, बिस्किटांचा डबा घेऊन. निवृत्त होणाऱ्याला घरी जाऊन भेटायची त्याची पद्धत होती म्हणे. आमच्या बुटक्या खुर्चीत गुडघे वर काढून बसला, कॉफी प्यायला, माझ्या अभ्यासाची चौकशी केली. मी त्याच्या प्रत्येक वाक्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहत होते. मग तो उठला. दाराआडून आई सवयीनं मला म्हणाली, जेवून जा म्हणावं. मी इंग्रजीत सांगितलं.

“थँक यू. आय विल,” असं म्हणून साहेब परत खाली बसला.

आत भात, सार आणि पडवळाची भाजी होती, तीही आम्हा तिघांपुरती. मी सांगण्यात काही घोळ घातला का, अशा नजरेनं आई माझ्याकडे बघत राहिली. असा कसा बसला हा, एकदाच तर विचारलं, असं ती पुटपुटली आणि घाईघाईनं तांदूळ धुवायला लागली. अण्णा मात्र साहेबाच्या खुर्चीमागे हात बांधून उभे होते, आणि त्यांचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. त्यांना कळलं होतं. मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

जेवताना अण्णा कितीतरी वेळ भात नुसता कालवत राहिले. शेवटी मान खाली घालून म्हणाले, ‘सर, आय वुड लाइक टू स्टे ऑन.’

साहेबानं चमचा खाली ठेवला. “पण मी तुम्हाला विचारलं होतं,” तो इंग्रजीत म्हणाला. “तुम्ही नको म्हणालात.”

मद्रासच्या एका माणसाला त्यानं ती जागा देऊन टाकली होती, तो सोमवारी हजर व्हायचा होता. साहेबाला मनापासून वाईट वाटलं. एवढी वर्षं संशय घेऊन तयार झालेली माझी नजर, पण त्या चेहऱ्यावर मला खोटं काही सापडेना. तेव्हा मला त्याचा जितका राग आला तितका आधी कधीच आला नव्हता. लबाड असता तर बरं झालं असतं.

आम्ही येलहंक्याला गेलो. अण्णा बोलायचेच कमी झाले. वर्षाच्या आत मला बघायला मंडळी आली. उप्पीट झालं, कॉफी झाली, माझं शिवणकाम दाखवून झालं. मुलाच्या वडिलांनी जाता जाता विचारलं, काय गं, पुढे शिकायची इच्छा आहे का? याचं उत्तर त्या खोलीत सगळ्यांना पाठ होतं. मान खाली घालायची आणि तुम्ही म्हणाल तसं म्हणायचं.

“हो,” मी म्हणाले. “मला इंटर करायचंय.”

मामा खोकला. मुलाच्या वडिलांचा चेहरा तांदूळ धुणाऱ्या माझ्या आईसारखा झाला. पण चार माणसांत विचारून बसले होते, आता मागे कसं घेणार? मी सासरी राहून इंटर झाले, आणि आपण सहज विचारलं होतं असं सासरे शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले.

त्या दिवशी माझ्या ‘हो’नंतर मामी घाईघाईनं उप्पिटाचं पातेलं घेऊन अण्णांपाशी आली आणि आणखी घ्या म्हणाली. अण्णांनी लगेच ताटली पुढे केली.