कडक भाकरीची वेबसाइट

वेबसाइटींसाठी मजकूर लिहिणं हे माझं काम. वाचणाऱ्याच्या जागी बसून लिहा, असं मी दिवसभर लोकांना ऐकवत असते. आणि सख्ख्या मावशीच्या वेबसाइटवर मीच माती खाल्ली.

मावशी मंगळवेढ्याकडची. काका गेल्यापासून सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात दोन खोल्यांत एकटी राहते आणि कडक भाकरी करून विकते. ज्वारीची पातळ भाकरी मंद आचेवर पार वाळेपर्यंत भाजायची, म्हणजे महिनाभर टिकते. त्या तव्यापाशीच तिचा दिवस जातो. बाहेरगावच्या लोकांनीही मागवावी म्हणून मी वेबसाइट केली. केळीच्या पानावर भाकरीचा फोटो काढला. "हितं पानात कोण जेवतंय गं?" मावशीनं विचारलं होतं, पण ऐकतंय कोण! 'कडक' हा शब्दही मला विकायला बरा वाटेना. तो काढून मी लिहिलं, 'ज्वारीची खमंग, पारंपरिक भाकरी'. काय ती हुशारी!

पहिल्याच आठवड्यात पुण्याच्या एका बाईंचा अभिप्राय आला. 'शिळी, वाळलेली भाकरी पाठवली. लाकूड आहे नुसतं.' मावशीनं तो माझ्याआधी वाचला.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं तवा घासला, पुसला आणि कपाटात ठेवून दिला. "बास झालं. माज्या हातची भाकरी शिळी वाटती लोकास्नी, मग करायची कुणासाठी?" चार दिवस तवा बाहेर आला नाही. ती खिडकीशी बसून असायची. तिचे ते रिकामे हात मला बघवेनात.

पाचव्या दिवशी मी शिव्या खायच्या तयारीनंच गेले. "मावशी, चूक माझी आहे. ती कडक असते हे मी लिहिलंच नाही गं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं बया! म्हंजे त्या बाईला ठावंच न्हाय कशी खायाची ते? उपाशी झोपली असंल की गं ती!"

मला रडूच आलं. डोळे पुसून मी लॅपटॉप उघडला. "सांग कशी खायची. समोर पाहुणी बसलीय असं समज."

"ही भाकरी कडकच असती, भिऊ नगा," मावशी सांगू लागली. "हातानं मोडा, ताटलीत चुरा. वरनं गरम आमटी घाला, न्हायतर दूध. जरा दम धरा, मऊ हुती. शेंगाची चटणी संगं घ्या. दही असंल तर लई ग्वाड लागती."

एक अक्षर न बदलता मी ते सगळ्यात वर टाकलं. केळीचं पान काढून तिच्या रोजच्या ताटलीचा फोटो लावला. पुण्याच्या बाईंनाही माफी मागून तेच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. उरलेली भाकरी दुधात चुरून खाल्ली, फार आवडली, अभिप्राय काढून टाकते म्हणाल्या. मी स्पीकर लावून फोन मावशीपुढे धरला.

"ते ऱ्हाऊ दे बाई," मावशी म्हणाली. "त्या दिवशी मग काय खाल्लंस तू?"

पलीकडून ओशाळलेला आवाज आला, "बिस्किटं."

मावशीनं कपाळाला हात लावला. मग उठून तिनं कपाटातला तवा काढला आणि परातीत पीठ घेतलं.